उजवा कौल

भाद्रपद निम्मा सरला तरी पाऊस काही काढता पाय घेत नाही, आणि आमच्या भिसेगावच्या घरात सगळ्यांची भक्ती उतू चालली आहे. सूनबाईंनी मोबाइलवर कसलंसं स्तोत्र लावून ठेवलंय. ते मधेच थांबतं, बेसनाची जाहिरात होते, मग देव पुन्हा सुरू होतो. मुलगा नदीचं पाणी कुठवर चढलंय ते बघायला पुलाकडे जातो आणि परत येऊन देव्हाऱ्यासमोर उभा राहतो, जणू साहेबाला सांगायला आलाय. आणि शेलूच्या नव्या इमारतीत, पार वरच्या मजल्यावर राहणारी माझी नात, जिच्या घरात पाणी शिरायचं तर आधी अख्खं शेलू बुडावं लागेल, ती मला फोन करते.

"आजी, रेड अलर्ट आलाय गं. तू देवापाशी बस हां."

"बसते की. पण तो जागेवर आहे का, ते आधी बघून येते."

"आजी! अशा वेळी तरी असं बोलू नये."

अशा वेळी! म्हणजे एरवी बोललेलं चालतं. छप्पर गळायला लागलं की भाडेकरू घरमालकाशी जसा गोड बोलायला लागतो, तसंच हे. 'बसते हां' म्हणून फोन ठेवला. नातीला दुखवायचं वय राहिलं नाही माझं; तिच्या आईला दुखवायचं अजून आहे थोडं.

पण त्या लाल-केशरी-पिवळ्या इशाऱ्यांची मला गंमत वाटते. धोक्यात माणसाला रंग तरी लागतो, नाहीतर बाजू लागते. आमच्याकडे बाजू होती. उजवी आणि डावी.

कर्जतच्या मास्तरांची मी धाकटी मुलगी, आणि खालापूरकडच्या एका गुरवाच्या घरात पडले. पडले म्हणजे लग्न करून दिलं. गाव नदीच्या अलीकडे, दवाखाना, बाजार, मोटार सगळं पलीकडे. गावदेवाचं देऊळ आमच्या पडवीला लागून. देव म्हणजे काळा पाषाण, पुरुषभर उंच, नाक-डोळे नसलेला. गावात कुणाचं काही अडलं की माणसं यायची कौल लावायला. सासरे, म्हणजे मामंजी, देवाला पाण्याने न्हाऊ घालायचे, तगरीच्या दोन ओल्या कळ्या घ्यायचे, एक पाषाणाच्या उजव्या अंगाला चिकटवायचे, एक डाव्या. मग गाऱ्हाणं घालायचं. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. म्हैस विकू का, पोरगी द्यावी का, विहिरीला पाणी लागेल का, सगळं त्या दोन कळ्यांवर.

मी तेव्हा जी होते ती आठवली की मला तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटते. सोमवार धरणारी, शनिवार धरणारी, पोथी वाचताना डोळ्यांतून पाणी काढणारी, आणि ते पाणी कुणी बघतंय का हेही बघणारी. गुरवाच्या घरी जायचं म्हटल्यावर मला वाटलं होतं, आता काय, देवाशी रोजचं बोलणं! पहिल्यांदा कौल बघितला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. कळी पडली आणि मी साष्टांग लोटांगण घातलं. प्रश्न होता, शेजारच्यांचा बोकड खच्ची करावा का.

मोठी जाऊ, आक्का, मागे उभी राहून पदर तोंडात कोंबून हसत होती. ही आक्का माझ्या सासूच्या सख्ख्या भावाची मुलगी. त्यामुळे ती सासूला आत्या म्हणायची आणि मी आत्याबाई. त्या एका 'बाई'मध्ये घरातलं सगळं राजकारण होतं. आक्का उंच, दणकट, शेतात बेणायला, तण काढायला, उतरली की दोन बायांचं काम एकटी उरकणारी. मला ती 'मास्तरीणबाय' म्हणायची.

"अगं मास्तरीणबाय, उठ. कपाळाला शेण लागलं."

"आक्का, देवाने खरंच उत्तर दिलं!"

"दिलं तर. ओली कळी बसून राहते, कोरडी पडते. कळ्या देते कोन? आत्या. कंची पदराला पुसायची ते तिला ठावं हाय."

मी पांढरीफटक. "म्हणजे सगळं खोटं?"

"खोटं कसं गं? आत्याला कंची पुसायची ती बुद्धी कोन देतो? देवच ना?"

या उत्तरावर मी आजतागायत पुढचा प्रश्न काढू शकलेले नाही, आणि नंतर चांगली शिकली-सवरलेली माणसं मला भेटली आहेत.

*

तो भाद्रपदही असाच कुजका होता. कुजका म्हणजे शब्दशः. दांडीवरचे कपडे वाळायचे नाहीत, ते चुलीवर टांगायचे, मग अंगाला दिवसभर धुराचा वास. मिठाच्या बरणीत पाणी. भिंतीवर बुरशीचे नकाशे. भात पोटरीला आलेलं, बांधावर तेरडा फुललेला, आणि खाचरांत गुडघाभर चिखलात आम्ही दोघी वाकून तण उपटत होतो. पायांच्या बेचक्यांत चिखल्या झालेल्या. मला त्या कामात काडीचीही गती नव्हती. मी तणाऐवजी भात उपटायचे आणि आक्का ते परत खोचायची, आत्याबाईंना दिसू नये म्हणून. दुपारी ती बांधाच्या बिळात हात घालून मुठे काढायची, काळे खेकडे, आणि निखाऱ्यावर भाजून मला त्यातला एक द्यायची. मी आधी 'आज सोमवार आहे' म्हणायचे. मग खायचे. मग रात्री देवाची क्षमा मागायचे.

गणपती तोंडावर आले. गावातले बरेच पुरुष सामान आणायला खोपोलीला गेले आणि त्याच दिवशी नदी फुगली. ते पलीकडे, आम्ही अलीकडे. माझा नवराही त्यांच्यातच. पुढे आयुष्यभर त्याने मला सांगितलं की तिकडे त्याचा जीव तुटत होता. तुटत्या जिवाने वडे किती खाल्ले, तेही त्याच्या मित्राने सांगितलं.

आणि आम्हा दोघींना ताप भरला. आधी मला, मग लगेच आक्काला. साधा नव्हे. पोटऱ्या पिळून काढल्यासारख्या, डोळे लाल, लघवी चहासारखी. आज डॉक्टर लगेच सांगतील, चिखलातून येतो तो ताप, गोळ्या घ्या. तेव्हा गावात एकच माहीत होतं की या तापाने मागच्या पावसात एक बाई गेली होती. घरात दोन सुना, दोघी पिवळ्या पडत चाललेल्या. गावात उरलेले धडधाकट पुरुष मोजके, त्यांत मोठे दीर, आक्काचा नवरा. एक झोळी बांधून, आळीपाळीने खांदा देत, वरच्या अंगाच्या फरशीवरून, पाण्यालगतच्या ठेंगण्या पुलावरून, नदी ओलांडायची म्हटली तर एकीला नेता येणार होतं. दुसरी थांबणार. कदाचित परत येऊन न्यायची. कदाचित.

कुणाला न्यायचं?

हा प्रश्न मामंजींनी स्वतः सोडवला असता तर मी त्यांना आज शिव्या घातल्या असत्या, पण मान दिला असता. पण गुरव माणूस, घरात देव असताना आपण कशाला निर्णय घ्या! आम्हा दोघींना उचलून देवळात आणलं, देवासमोर घोंगडीवर शेजारी शेजारी ठेवलं. बाजारात भोपळे ठेवतात तसं.

"उजवी पडली तर मोठी, डावी पडली तर धाकटी," मामंजी म्हणाले.

मी काय केलं असेल? नवस! तापात जेवढे सुचले तेवढे. सोळा सोमवार करीन, अनवाणी येईन, पेढे सोडीन. पेढे मला त्या घरात कधी मिळतच नव्हते. चहा सोडीन म्हटलं, आणि मग घाईघाईने दुरुस्ती केली, दुपारचा. मरणाच्या दारात उभी होते आणि सकाळचा चहा वाचवत होते.

मग मी बघितलं. आत्याबाईंच्या हातात दोन कळ्या. डावी त्यांनी तांब्यात बुडवली. उजवी पदरात धरली, अंगठ्याने हळूच फिरवली, दोनदा, बाळाचं नाक पुसतात तशी. आणि दोन्ही मामंजींना दिल्या. जन्मभर ओल्या कळ्या हाताळलेला माणूस. त्यांच्या बोटांना कळलं नसेल? त्यांनी डोळे मिटले आणि गाऱ्हाणं घातलं.

मला राग आला असं वाटेल तुम्हाला. छे. मला आनंद झाला! मी एवढी मूर्ख होते. मनात म्हटलं, देवा, आता बघ, आता खरी तुझी वेळ. ही लबाडी तू बघितलीस, मी बघितली. आता ती कोरडी कळी चिकटवून दाखव. एवढंच कर. मग मी जगले काय, मेले काय, तू आहेस हे मला कळेल.

कळी पडली. माशी उडावी तशी पडली. चिकटायचा विचारसुद्धा तिच्या मनात आला नाही.

"उजवा दिला! देवानं उजवा दिला!" आत्याबाई मोठ्याने म्हणाल्या आणि रडू लागल्या. ते रडणं खोटं नव्हतं, हे मला आज कळतं. तेव्हा मी फक्त एवढाच निष्कर्ष काढला की देवसुद्धा सासूच्या माहेरचा.

आक्काला झोळीत घातलं. वर पावसाला आडोसा म्हणून पानांची इरली बांधली. तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं. ओठ फुटलेले, पण हसू तेच. "ए मास्तरीणबाय, टोपलीत माझा मुठा हाय. खाशील तर बघ हां."

"तू परत ये, मग भांडू."

"येते की. देवानं धाडलंय मला, कुनाच्या बापानं नाय."

*

देव आहे की नाही, हा प्रश्न पंख्याखाली बसलेल्या माणसांचा. पाणी उंबऱ्याला लागलं की माणूस ते विचारत नाही. तेव्हा एकच विचारतो, तो कुणाच्या बाजूला आहे. माझी नात, सूनबाई, मुलगा, तिघेही आज तेच विचारताहेत, स्तोत्र वेगळं एवढंच. त्यांना मी हसते, पण लांबून. मला लोक विचारतात, आजी, तुमचा देवावर विश्वास आहे का? आहे ना. माझा माझ्या सासूवरही पूर्ण विश्वास होता. म्हणून ती चांगली होती, असं थोडंच आहे!

त्या दुपारी देवळात मी एकटी उरले. घोंगडीची दुसरी बाजू अजून गरम होती. समोर तो काळा पाषाण, त्याच्या डाव्या अंगाला माझी ओली कळी चिकटून बसलेली. ती काही पडायला तयार नव्हती. मी देवाला शिव्या दिल्या. कर्जतच्या मास्तरांच्या घरात शिव्या फार शिकवत नाहीत, त्यामुळे त्या लवकर संपल्या. मग आक्काकडून ऐकलेल्या दिल्या. घाम फुटला. शिव्या देत देत मी झोपले, जागी झाले, पुन्हा दिल्या. पारूबाय नावाची शेजारीण मधेच येऊन तोंडात पाणी घालून गेली. ती घाबरून म्हणाली, "देवाशी बोलते हाय गं ही!" बोलत होतेच. काय बोलत होते ते तिला ऐकू आलं नाही, हे माझं नशीब.

संध्याकाळपर्यंत ताप उतरला. कसलं औषध नाही, अंगारा नाही. उतरला, बस्स. पारूबायने पेज आणली, मी भिंतीला टेकून बसले आणि प्यायले. एवढी भूक मला पुन्हा कधी लागली नाही.

तेवढ्यात ते परत आले.

फरशीवर पाणी छातीभर होतं. उतरेल, उतरेल म्हणून त्यांनी झोळी काठावर एका झाडाखाली ठेवली आणि वाट बघत बसले. पाऊस धो धो. इरल्याखाली आक्का आधी बडबडत होती, मग कण्हत होती, मग गप्प झाली. पाणी उतरलं नाही. मोठे दीर तिला परत घेऊन आले ते नुसते चालत होते, बाकी काही नाही. पावसाने भिजलेल्या त्या वाटेवर झोळी हिंदकळली नसती, ती कोरड्या घोंगडीवर राहिली असती तर जगली असती का? कुणाला माहीत. मला नेलं असतं तर मी मेले असते का? तेही माहीत नाही. मला एवढंच दिसतं की देवाने जिला निवडलं ती मेली, आणि जिला टाकलं ती पेज पीत होती.

आत्याबाई दारात आल्या. आधी झोळीकडे बघितलं असणार, कारण चेहऱ्यावर काहीच उरलं नव्हतं. मग माझ्याकडे बघितलं. माझ्या हातात वाडगा, ओठाला पेज लागलेली.

"तू बसलीस होय उठून," त्या म्हणाल्या.

एवढंच. यापेक्षा क्रूर वाक्य मला अजून कुणी ऐकवलेलं नाही, आणि ऐकवायचा प्रयत्न बऱ्याच जणांनी केला आहे.

*

पुढचा महिना मात्र माझा होता. आता माझ्या त्या वेळच्या सोंगाला तुम्हीही हसा, मला राग येणार नाही. पारूबायने गावभर केलं की देव दुपारभर माझ्याशी बोलत होता. "देवानं हिला राखली," बाया म्हणायच्या. माझी ओटी भरायच्या. नारळ, तांदूळ, एकीने तर खण आणला. माझ्या पायाला हात लावायच्या. आणि मी? मी 'नको नको' म्हणत पाय जरा पुढे करायचे. पांढरं पातळ नेसायला लागले. डोळे अर्धे मिटून बोलायचे. कुणाची गाय व्यायची राहिली की माझ्याकडे, मी म्हणायचे, "होईल, पण धीर धरा." गायीला धीर धरण्यावाचून दुसरा इलाज काय असतो? ती व्याली की माझा जयजयकार.

आक्काची जागा चुलीपाशी रिकामी, आणि मी तिच्या मरणावर देवी होऊन बसलेली. तिने मला बघितलं असतं तर हसून हसून तिच्या पोटात दुखलं असतं.

आत्याबाई हे सगळं बघायच्या. जेवायच्या नाहीत म्हटलं तरी चालेल. ताटात चार घास चिवडून उठायच्या. कौल लावायला माणसं आली की कळ्या मामंजींनाच आणायला सांगायच्या, देवळाच्या पायरीच्या आत पाऊल टाकायच्या नाहीत. दळताना, पाणी भरताना माझ्याकडे बघत राहायच्या. मला वाटायचं, मी मेले नाही म्हणून डोळ्यांत खुपतेय. खुपत होतेच, पण ते सगळं नव्हतं.

पाऊस संपला. भात पिवळं झालं, कापलं, खळ्यावर आलं. झोडणीच्या दिवसांतला तो वास, कोरड्या पेंढ्याचा, उन्हाचा, आणि अंगाला सुटलेली ती खाज, घामाने आणखी चावणारी. त्या दिवशी खळ्यावर आम्ही दोघीच. त्या पेंढी उचलून दगडावर आपटत होत्या, मी दाणे पायाने ओढत होते. मधेच त्यांचा हात थांबला.

"एक इचारू का गं?"

त्यांनी मला आजवर काही विचारलं नव्हतं. सांगितलं होतं फक्त.

"विचारा की."

"लोक म्हनतात, त्या दिशी देव तुझ्यापाशी बसला व्हता."

"लोक म्हणतात."

"मंग काय म्हनला असंल ना तो. माझ्याबद्दल काय म्हनला?" त्या पेंढीकडे बघत होत्या. "त्यानं बघितलं का?"

काय बघितलं, ते त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. त्या बाईचा चेहरा आयुष्यात पहिल्यांदा मला समजत होता. आपल्या भावाच्या पोरीला वाचवायला तिने देवाचं तोंड धरून वळवलं होतं, आणि पोर हातची गेली होती. आता तिला धास्ती कसली होती, शिक्षेची? शिक्षा तर झाली होती. तिला जाणून घ्यायचं होतं की ती शिक्षाच होती ना. की कुणी बघितलंच नाही, आणि पोर उगाचच मेली.

मी गायींना उत्तरं देत होते. हिला एक देणं काय अवघड होतं? देवाने माफ केलं म्हणाले असते तर ती माझ्या पायावर पडली असती. देव कोपलाय म्हणाले असते तर त्या घरात पुढे मीच राज्य केलं असतं. दोन्ही उत्तरं जिभेवर तयार होती. पण मला तिला दुखवायचं होतं. खरं, नेमकं, कायमचं. 'तू बसलीस होय उठून' ते अजून घशात होतं माझ्या.

"देवाचं मला माहीत नाही, आत्याबाई," मी म्हटलं. "तो काही बोलला नाही. बघितलं मी. पदराला पुसलीत. उजवी. दोनदा."

खळ्यावर एक कावळा उतरला, दाणे उचलू लागला. त्याला हाकलायला दोघींपैकी कुणी हात उचलला नाही. मी वाट बघत होते, ती आता कोसळेल, आता छाती बडवील, आता माझे पाय धरील. खरं सांगते, मला ते बघायचं होतं.

त्यांनी मोठा श्वास सोडला. पाण्याचा हंडा डोक्यावरून खाली उतरवल्यावर सुटतो ना, तसा.

"बरं झालं गं," त्या म्हणाल्या. "कुनीतरी बघितलं."

आणि पेंढी उचलून दगडावर अशी आपटली की दाणे उडून माझ्या डोळ्यांत गेले.

त्या दुपारी मी डोळे चोळत स्वयंपाक केला. त्या पाटावर बसल्या, पोटभर जेवल्या, आणि आक्का गेल्यापासून पहिल्यांदा त्यांनी दुसऱ्यांदा भात मागितला. मी वाढला. जरा आदळूनच.